'गॉसिप' : कुचाळकी नव्हे, आधी नातं

कोशातला_किडा (धागाकर्ता)

ते ढकलपत्र पुन्हा फिरायला लागलंय. जुन्या काळी पुढाऱ्यांना लोकांच्या मनात काय आहे ते कळायला वर्तमानपत्रं नव्हती. मग ते आपली माणसं गुत्त्यावर पाठवायचे आणि सांगायचे, 'गो, सिप', म्हणजे जा, घोट घे आणि कोण काय बोलतंय ते ऐकून ये. त्यातून म्हणे 'गॉसिप' शब्द झाला. खाली हात जोडलेले आणि 'इंग्रजीची गंमत'.

गंमत आहे, पण ती वेगळीकडेच. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'गॉडसिब्ब' असा होता. गॉड म्हणजे देव, सिब्ब म्हणजे नातलग. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची जबाबदारी घेणारे धर्मपिता-धर्ममाता ते गॉडसिब्ब. रक्ताचं नातं नाही, देवासमोर जोडलेलं. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याचं १०१४ सालचं एक गाजलेलं प्रवचन आहे. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी देश पिचलेला होता आणि तो लोकांच्या पापांची यादी वाचत होता. त्या यादीत येतं की या देशात फार जणांनी आपले गॉडसिब्ब आणि आपली धर्ममुलं मारली. म्हणजे हजार वर्षांपूर्वी हा शब्द इतक्या गंभीर जागी बसलेला होता. 'सिप' या क्रियापदाच्या नोंदी त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतात. आजी नातीच्या पोटी जन्माला येत नाही.

अर्थाच्या पायऱ्या साधारण अशा: धर्मपालक, मग जवळची मैत्रीण किंवा मित्र (चौदावं शतक), मग बाळंतपणाला जमणाऱ्या बायका, मग चुगलखोर बाई (सोळाव्या शतकाचा मध्य), आणि सगळ्यात शेवटी ते बोलणं स्वतः. 'गॉसिप' म्हणजे माणूस नव्हे तर गप्पा, ही नोंद थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. आज आपण जो अर्थ मूळ समजतो तो या घरातलं शेंडेफळ.

तळटीप

उच्चाराचं थोडं. 'गॉडसिब्ब'मधल्या द् आणि स् यांची टक्कर झाली, द् विरघळला आणि 'गॉसिब' झालं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या कँटरबरी टेल्समध्ये बाथ गावची बाई (गोष्टी सांगणाऱ्यांतली एक) आपल्या मैत्रिणीला 'माय गॉसिब' म्हणते. त्या मैत्रिणीचं नाव ॲलिसन. नवऱ्याची गुपितं ती हिला सांगते, तिच्या मनातलं पाद्र्यापेक्षा हिला जास्त ठाऊक. म्हणजे शब्द अजून नात्याचा, पण कामाला लागला आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटी पाद्री जे सांगतो त्यात मात्र 'गॉडसिब' जुन्याच अर्थाने आहे. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकात दोन्ही पायऱ्या सापडतात.

पुढे शेवटच्या आघातहीन अक्षरातला ब् कडक होऊन प् झाला. एकदा 'गॉड' ऐकू येईनासा झाला की शब्दाला वाटेल तिकडे जायची मोकळीक मिळते. 'गॉस्पेल'चंही तसंच: 'गॉडस्पेल' म्हणजे शुभवार्ता, त्यातलाही द् गळला. तिथला 'गॉड' मात्र देव नव्हे, 'चांगला' या अर्थाचा दीर्घ स्वराचा शब्द. दोन्ही शब्दांत द् गेला, पण एक वेदीवर राहिला आणि दुसरा ओसरीवर आला.

भोचक_भवानी

हे सगळं पटलं, पण मधली उडी कळत नाही. धर्ममाता म्हणजे मानाची बाई. ती एकदम लावालावी करणारी कशी झाली?

पानसुपारी

उडी नाही, मध्ये एक खोली आहे. बाळंतिणीची.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कळा सुरू झाल्या की नवरा किंवा नोकर धावत जाऊन सुईणीला आणि ठरलेल्या शेजारणींना बोलवून आणायचा. या बोलावलेल्या बायका म्हणजे 'गॉसिप्स'. यातल्याच एकदोघी पुढे धर्ममाता व्हायच्या, म्हणून नाव तेच. खोली बंद करायची, खिडक्यांना पडदे, किल्लीच्या भोकातसुद्धा कापड कोंबायचं. वारा लागू नये म्हणून आणि बाहेरचं जग आत येऊ नये म्हणूनही. मेणबत्तीचा उजेड. पुरुषाला मज्जाव. बाळंतिणीसाठी 'कॉडल' शिजायचं: एल (बिअरचा एक प्रकार) किंवा वाइन गरम करून त्यात ओटचं पीठ किंवा अंडं, साखर, मसाले. पेज आणि दारू यांच्या मधलं काहीतरी. ते बाळंतिणीबरोबर जमलेल्याही प्यायच्या.

मूल झाल्यावर सुमारे महिनाभर आई त्याच खोलीत. बाप्तिस्मा मात्र दोनचार दिवसांत उरकायचा, कारण मूल दगावलं तर ते बाप्तिस्म्याविना जाऊ नये. म्हणजे स्वतःच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आई हजर नसे. मूल घेऊन जायचं, नाव सांगायचं, परत आणायचं, हे सगळं गॉसिप मंडळींचं काम. नंतरच्या जेवणाला 'गॉसिपिंग' म्हणत.

आता विचार करा. बंद दार, आत सातआठ बायका, तासन्‌तास वाट पाहणं, हातात गरम पेला, आणि बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारणारा नवरा ज्याला आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नाही. शब्दाला वाईट रंग त्या व्हरांड्यातून लागला. आत बसलेल्यांच्या लेखी तो शब्द तसा नव्हता.

तळटीप

पानसुपारी, व्हरांडा जरा कमी करा, ट्यूडर काळातल्या (सोळाव्या शतकातल्या) घरांना व्हरांडे नव्हते :) बाकी मुद्दा मान्य.

पानसुपारी

मान्य, जिन्याखाली म्हणा. पण एक सांगायचं राहिलं. त्या बायकांचं बोलणं नुसतं वेळ घालवणं नव्हतं, ती साक्ष होती. अविवाहित बाई अडली की सुईण आणि जमलेल्या बायका ऐन कळांमध्ये तिला बापाचं नाव विचारत. त्या क्षणी बाई खोटं बोलणार नाही अशी समजूत होती. ते नाव पुढे पॅरिशपुढे, म्हणजे गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांपुढे, जायचं, कारण मुलाच्या पोटापाण्याचा खर्च बापावर टाकायचा की गावावर हे त्यावर ठरे.

आणि १० जून १६८८ ची गोष्ट तर या शब्दाच्या दोन्ही टोकांना एकत्र बांधते. राजा दुसरा जेम्स याला मुलगा झाला. कॅथलिक वारस, म्हणून विरोधकांनी उठवलं की मूल राणीचं नाहीच, बिछाना गरम करायच्या झाकणाच्या तव्यात लपवून दुसऱ्या कोणाचं आत आणलं. अफवा इतकी पसरली की ऑक्टोबरमध्ये राजाने प्रिव्ही कौन्सिलपुढे (त्याच्या सल्लागार मंडळापुढे) चाळीसेक साक्षीदार उभे केले. बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या मोठमोठ्या बायका, सुईण, दरबारी, सगळ्यांच्या जबान्या. खोलीतल्या गॉसिप्सनी बाहेरच्या गॉसिपविरुद्ध दिलेली साक्ष. उपयोग शून्य, वर्ष संपायच्या आत राजा फ्रान्सला पळाला.

कोशातला_किडा

तवा आणि राजपुत्र हे प्रमाण जुळतं का, याचा विचार त्या काळी कोणीच केला नसावा.

उंबरठा_१९

माझा आक्षेप आहे. 'बायकांना बदनाम करण्यासाठी पुरुषांनी शब्द वाकवला' असं आता सगळीकडे लिहितात, या धाग्यातही त्याच वाटेने चाललंय. मुळात हा शब्द फक्त बायकांचा कधीच नव्हता. शेक्सपिअरच्या आठव्या हेन्रीवरच्या नाटकात शेवटी त्याच्या मुलीच्या, एलिझाबेथच्या, बाप्तिस्म्याचा प्रवेश आहे. राजा म्हणतो, 'माय नोबल गॉसिप्स', तुम्ही फार सढळ हात सोडलात (म्हणजे भेटवस्तूंच्या बाबतीत). यात कोण कोण? नॉरफोकची वृद्ध डचेस, डॉर्सेटची मार्शनेस आणि कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅन्मर. इंग्लंडमधल्या सर्वोच्च धर्मगुरूला राजा तोंडावर 'गॉसिप' म्हणतोय आणि तो मान आहे.

तळटीप

उदाहरण चोख. आणि संख्याही बघा: एक धर्मपिता, दोन धर्ममाता. मुलगी असेल तर असंच. मुलगा असेल तर उलट, दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे गॉसिप मंडळींत पुरुष असायचेच, मुलग्याच्या वेळी तर जास्त.

पण उंबरठा, यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. शब्द दोघांचा होता हे खरं, आणि म्हणूनच तो पुढे एकीकडेच का झुकला हा प्रश्न उरतो. डॉ. जॉन्सनचा १७५५ चा इंग्रजी कोश उघडा. तीन अर्थ दिलेत: बाप्तिस्म्याला मुलाची हमी घेणारा, पिण्याचा सोबती, आणि बाळंतपणाला जमलेल्या बायकांसारखा गावभर बडबडत फिरणारा. तिसऱ्या अर्थात बायका उपमेतच येऊन बसल्या. तिन्ही अर्थ माणसाचेच आहेत, 'बोलणं' अजून नाही.

ढकलपत्रवाल्यांनी दुसरा अर्थ पाहिला असता तर निदान पुरावा म्हणून काहीतरी मिळालं असतं.

वसईची_सर

फ्रेंचमध्ये हाच प्रवास शेजारच्या रस्त्याने झाला आहे आणि तिथे तळटीप यांच्या प्रश्नाचं उत्तर फार उघडं दिसतं. लॅटिनमध्ये कोम्पातेर म्हणजे 'सह-पिता', कोमातेर म्हणजे 'सह-माता'. मुलाचा खरा बाप आणि धर्मपिता एकमेकांचे कोम्पातेर. त्यातून फ्रेंच 'कोंपेर' आणि 'कोमेर'.

कोमेर पुढे गावगप्पा करणारी बाई झाली, आणि 'कोमेराज' म्हणजे कुचाळक्या. कोंपेर मात्र साथीदार, मग रंगमंचावरच्या कार्यक्रमाची सूत्रं हातात घेणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजीत गेला. कॉलेजच्या गॅदरिंगला जो 'कंपेअरिंग' करतो तो हाच. भाऊ माइक घेऊन स्टेजवर, बहीण चव्हाट्यावर.

स्पॅनिशमध्ये 'कोमाद्रे'वरून 'कोमाद्रेआर' म्हणजे गप्पा छाटणं, आणि 'कोमाद्रोना' म्हणजे सुईण. परत तीच खोली! रशियनमध्ये धर्मपिता 'कूम', त्यावरून 'कुमोव्स्त्वो' म्हणजे वशिलेबाजी. बायकांनी जवळीक वापरली तर चुगली, पुरुषांनी वापरली तर कंत्राट. नावं ठेवलीच, पण वेगवेगळी.

आपल्या जवळचं म्हणजे गोव्यातलं. पोर्तुगीज पाद्रिन्यु-माद्रिन्यावरून तिथल्या ख्रिस्ती घरांत पाद्रिन-माद्रिन आजही आहेत आणि ते नातं मानाचंच आहे, त्याला गावगप्पांचा वास लागलेला नाही.

भोचक_भवानी

'सह-पिता', 'सह-माता' वाचून व्याही-विहीण आठवले. मुलांमुळे मोठ्या माणसांत तयार झालेलं नातं. भाषांतरात चालेल का?

तळटीप

रचना सारखी, पण एका जागी बरोबर उलटी. व्याही होतात ते लग्नामुळे. गॉडसिब्ब नात्यामुळे लग्नाला बंदी येते. ५३० मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने धर्मपिता आणि धर्मकन्या यांच्या लग्नाला मनाई केली. ६९२ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पुढे जाऊन धर्मपिता आणि मुलाची विधवा आई यांचंही लग्न निषिद्ध ठरवलं. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तर हे जाळं इतकं वाढलं की लहान गावात स्थळ मिळणं अवघड. एकेका मुलाला पाचसहा धर्मपालक केले की तेवढ्या घरांशी सोयरीक संपली. शेवटी १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने कात्री लावली: धर्मपालक एक, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री. त्यामुळे चॉसरचा पाद्री जेव्हा म्हणतो की गॉडसिबबरोबरचा संबंध सख्ख्या भावाबरोबरच्या संबंधाइतकंच पाप आहे, तेव्हा तो अतिशयोक्ती करत नाही, कायदा सांगतोय.

आपल्याकडचं जवळचं काही शोधायचं तर गुरुबंधू-गुरुभगिनी. रक्त नाही, दीक्षा आहे.

उंबरठा_१९

'सिब्ब'चा संस्कृतशी संबंध आहे म्हणतात, 'सभा'शी. हेही ढकलपत्रच का?

कोशातला_किडा

नाही, हे पोकॉर्नीच्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात आहे. 'आपला, स्वतःचा' अशा अर्थाचं एक मूळ धरून त्याच्यातून जर्मन 'सिप्पे' (कूळ), गॉथिक 'सिब्या' (नातं) आणि संस्कृत 'सभा' असा एक गट मांडला आहे. आपल्यातल्यांचा जमाव ती सभा. मात्र ही जोडणी अनुमानाची आहे. 'गॉडसिब्ब'ला जसा लेखी पुरावा शतकाशतकाला मिळतो तसा इथे नाही, ध्वनी आणि अर्थ जुळवून मागे जायचं आहे. 'सभा ही गॉसिपची मावशी' असं नवीन ढकलपत्र कृपया कोणी काढू नका. 'सिब्लिंग' (भावंड) मात्र नक्की त्याच घरातला.

गजालवाडी

मराठीकडे कोणी बघणार की नाही? आपल्याकडे एका 'गॉसिप'च्या जागी डझनभर शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'चुगली' आणि 'चहाडी' वरच्या माणसाकडे होते: मास्तरांकडे, साहेबांकडे, सासूकडे. समोरच्याला शिक्षा व्हावी हा हेतू. 'कागाळी'त तक्रारीचा सूर. 'लावालावी'ला दोन बाजू लागतात, इकडचं तिकडे. 'कुचाळकी', 'कुटाळकी'ला फक्त रिकामा वेळ लागतो. 'उखाळ्यापाखाळ्या' बहुधा समोरासमोर भांडताना निघतात, त्यामुळे त्या गॉसिप नव्हेतच. 'आवई' आणि 'कंडी' मुद्दाम उठवतात-पिकवतात, 'वदंता' आपोआप असते. आणि आमच्या मालवणीतल्या 'गजाली' पूर्ण निर्मळ, त्यात निंदा असलीच तर चवीपुरती.

कोशातला_किडा

वा. यांतल्या काहींच्या पोटात काय आहे तेही बघा. 'अफवा' अरबीतून, 'अफ़वाह' म्हणजे 'तोंडं'. चक्क अनेकवचन. एका तोंडाची अफवा होत नाही हे व्याकरणातच आहे. 'किंवदंती' म्हणजे 'किं वदन्ति', काय बरं म्हणतात लोक? आपली वदंता त्यातली. 'चव्हाटा' चार वाटा मिळतात ती जागा. 'चुगली' फारसीतून, चुग़ल म्हणजे खबऱ्या. 'गप' हाही फारसीत बोलण्याला शब्द आहे, 'गप ज़दन' म्हणजे शब्दशः गप मारणं, आपण गप्पा मारतो तसंच. तिकडेही मारतातच, सांगत नाहीत. 'गप्प बस' मधला गप्प वेगळा, परदेशी विद्यार्थ्यांना हे समजावताना घाम फुटतो.

आणि 'षट्कर्णी'! दोघांतलं बोलणं म्हणजे चार कान. तिसरा आला की सहा, आणि सहा कानांत गेलेली मसलत फुटते असं पंचतंत्र सांगतं. गुपित फुटण्याची मर्यादा इतक्या नेमकेपणाने मोजलेली आहे.

एक फरक लक्षात घ्या. आपले हे शब्द तोंड, कान, जागा, खबर यांवरून आलेत. नात्यावरून आलेला एकही नाही. इंग्रजी शब्द नात्यावरून आला.

वसईची_सर

मग 'गॉसिप' मराठीत का घेतला? माझ्या मते सिनेमामुळे. १९७१ मध्ये मुंबईत 'स्टारडस्ट' सुरू झालं, 'नीताज नॅटर' हे त्यातलं सदर. नटनट्यांबद्दलच्या त्या मजकुराला चुगली म्हणता येत नाही (वरिष्ठ कोण?), वदंता म्हणता येत नाही (कोणीतरी सही करून लिहितंय), कुचाळकी तर पगारी नसते. म्हणून 'गॉसिप' आला, आणि नपुंसकलिंगी आला: ते गॉसिप, चटपटीत गॉसिप. माणसाला आपण 'गॉसिप' म्हणत नाही, फक्त मजकुराला. म्हणजे आपण शेवटची पायरी तेवढी उचलली.

भोचक_भवानी

जुनं इंग्रजी नाटक भाषांतर करताना कसं ओळखायचं कुठला अर्थ आहे?

तळटीप

आधी साल बघा. अठराशेच्या आधीचा मजकूर असेल आणि शब्द नाम असेल तर तो माणूसच आहे असं धरून चाला. 'माय गॉसिप', 'गॉसिप अमुक' असं संबोधन दिसलं तर मैत्रीण, सखी, शेजारीण, पुरुष असेल तर दोस्त. 'फीस्ट', 'कप', 'बोल' जवळ असतील तर बाळंतपण किंवा बारशाचा प्रसंग. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'च्या शेवटी 'गॉसिप्स फीस्ट' येते. तेहतीस वर्षांनी आईला मुलगे मिळालेत, जणू आज जन्मले, म्हणून बारशाचं जेवण. तिथे 'गप्पांची मैफल' केलं की सगळं नाटक वाया. क्रियापद असेल तर आणखी सावध, शेक्सपिअरमध्ये 'गॉसिप करणं' म्हणजे नाव ठेवणं असंही येतं, आणि हे 'नावं ठेवणं' नव्हे, अनुस्वार नाही!

आणि सगळ्यात फसवी जागा 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये. परीलोकातला खोडकर पक म्हणतो, मी 'गॉसिप्स बोल'मध्ये भाजलेल्या 'क्रॅब'चं रूप घेऊन दडतो आणि म्हातारी प्यायला गेली की तिच्या ओठांवर आपटतो, एल तिच्या गळ्यावर सांडतं. हा क्रॅब खेकडा नव्हे. क्रॅब ॲपल, आंबट रानटी सफरचंद. ते भाजून, फुटलं की गरम एलमध्ये टाकत, साखर आणि जायफळ घालून. तो वाडगा हातोहात फिरायचा.

गजालवाडी

कोकणातला अनुवादक असता तर खेकडाच टाकला असता आणि रस्सा चांगला झाला असता.

उंबरठा_१९

आणि 'माय नोबल गॉसिप्स'चं काय करायचं? धर्मपालक म्हटलं तर सरकारी वाटतं.

तळटीप

राजा आहे, मूल डचेसच्या हातात आहे, समोर आर्चबिशप आणि दोन थोर बायका. मी 'सोयरेहो' करीन. 'थोर सोयरेहो, फार सढळ हात केलात.' लग्नाची छटा येते, पण 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी' म्हणताना तुकोबांनी तरी कुठे लग्नं लावली होती.